संशयाचा फायदा कोणाच्या पदरात?

उन्हाळा तापू लागला की सोलापुरात सकाळच्या चहाबरोबर उजनी धरणाची टक्केवारी लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठच्या आसपास घसरली, तेव्हा हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत मोबाईलवर फिरत होता. बाहेरगावच्या पाहुण्याला आधी धरण ‘उणे’ कसे होते तेच समजावून सांगावे लागते. एकूण साठा ११७ टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटांच्या) घरात, त्यातला ६३.६६ टीएमसी मृत आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त. टक्के मोजायचे ते उपयुक्त साठ्यावर, म्हणून पाणी त्याखाली उतरले की उणे सुरू. एवढे पाहुण्याला पटते. पण ते दोन दशांश कुठून आले, हे आपण तरी कधी विचारतो का?

जरा हिशेब करू. ५३.५७ टीएमसीचा एक शतांश टक्का म्हणजे सुमारे ५४ लाख घनफूट, म्हणजे साधारण दीड लाख घनमीटर पाणी. उन्हाळ्यात आटलेल्या जलाशयाचा पसारा शंभर चौरस किलोमीटर धरला, तर हे पाणी दीड मिलिमीटर उंचीचे झाले. वाऱ्याची झुळूक आली तरी लाट याहून मोठी उठते. मे महिन्यात एका दिवसात वाफ होऊन जाणारे पाणी याच्या कितीतरी पट असते. आणि १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात भीमेने आजवर किती गाळ आणून टाकला, याचे निरनिराळे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत. तळाचाच ठाव नाही आणि वर शतांशाची मिजास!

दोष पातळी वाचणाऱ्या कर्मचाऱ्याचा नाही. तो पातळी नीट वाचतो, तक्त्यातून साठा काढला जातो, संगणकात एका आकड्यासाठी एक रकाना असतो आणि त्या रकान्यात शंकेला जागा नसते. पुढे भागाकार झाला की यंत्र मागाल तेवढे दशांश देते. संगणकातली आजची अंकगणिताची रीत १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकाने घालून दिली. त्यामागे ज्यांचे डोके होते त्या विल्यम कहान यांना संगणकशास्त्रातले मानाचे ट्युरिंग पारितोषिक १९८९ साली मिळाले, आणि ते योग्यच होते. न मावणारे अंक छाटताना शेवटचा अंक कसा जुळवायचा, शून्याने भागले तर काय करायचे, याची तिथे काटेकोर शिस्त आहे. ६४ बिटांच्या संख्येला पंधरा-सोळा सार्थ अंक मिळतात. पण तो आकडा काट्यावर नीट तोलून आला की कुणी अदमासाने टाकला, याच्याशी त्या शिस्तीला काही देणेघेणे नाही. पर्जन्यमापकातले ६२ मिलिमीटर आणि कट्ट्यावर बसून ठोकून दिलेले ६२, दोन्ही तिच्या लेखी एकच.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो नवाही नाही. आकडा एकटा न ठेवता तो कुठून कुठपर्यंत असू शकतो आणि त्यातली कुठली किंमत किती संभवते, ही सगळी माहिती त्याच्या पाठीला बांधायची आणि बेरीज, गुणाकार, भागाकार त्या गाठोड्यासकट करायचे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत स्टॅनिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी माँटे कार्लो पद्धत उभी केली: हजारो वेळा यादृच्छिक किमती घेऊन तोच हिशेब पुन्हापुन्हा करायचा आणि उत्तरांचा फैलाव पाहायचा. १९६६ मध्ये रेमन मूर यांनी किमान-कमाल अशा अंतरालांच्या गणिताचा पाया पुस्तकरूपाने मांडला. २०१४ साली मायक्रोसॉफ्टच्या काही संशोधकांनी सहकाऱ्यांसह प्रोग्रॅमिंगमध्ये ‘अनिश्चित संख्या’ हा एक प्रकारच आणला. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या गटाने तर शक्यतांच्या अशा फैलावाचा, म्हणजे वितरणाचा, माग ठेवणारा प्रोसेसर मांडला. म्हणजे प्रोग्रॅम नेहमीसारखा लिहायचा. शंकेची ने-आण आतले यंत्र बघेल. एके काळी ‘एवढे गणित करायला वेळ कुठे’ ही सबब चालून जायची. आता खिशातला मोबाईलही असे लाखभर हिशेब बघता बघता उरकतो.

तंत्राची ही गोष्ट लांबवत नाही. प्रश्न सार्वजनिक आहे आणि तो पावसाळ्यात आपल्या दारात येऊन उभा राहतो.

चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की महसूल मंडळावर, म्हणजे महसूल खात्याने केलेल्या गावांच्या गटावर, अतिवृष्टीचा शिक्का बसतो. त्या शिक्क्यावर पंचनाम्यांची आणि पुढे मदतीची गाडी हलते. हा पाऊस मोजते कोण? मंडळातले एखादे केंद्र. साध्या पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सेंटिमीटरचे, जेमतेम एका ताटलीएवढे. सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,९०० चौरस किलोमीटर. जिल्ह्यात अशी शंभर मापके धरली तरी एकेकाच्या वाट्याला दीडशे चौरस किलोमीटर येतात, म्हणजे ताटलीच्या सुमारे ७५० कोटी पट जमीन. आणि आपल्याकडचा पाऊस कसा, हे काय सांगायला हवे? बांधाच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ. परतीच्या पावसाचा ढग एका गावावर रिता होतो आणि शेजारच्या गावाला नुसता गडगडाट ऐकवून जातो.

आता समजा, मापकात ६२ मिलिमीटर भरले. मंडळातल्या एखाद्या गावात प्रत्यक्ष पडलेला पाऊस या आकड्याच्या आजूबाजूला पसरलेला असणार. सोयीसाठी तो फैलाव घंटेच्या आकाराचा (मध्ये उंच, दोन्हीकडे उतरता) आणि त्याचे प्रमाण विचलन, म्हणजे मधल्या आकड्यापासूनचे साधारण अंतर, १५ मिलिमीटर धरा. तर त्या गावात ६५ च्या वर पाऊस झालेला असण्याची शक्यता शंभरात ४२ निघते. मापकात ६८ भरले असते, तर तीच शक्यता ५८ झाली असती. जमिनीवरचा फरक ४२ आणि ५८ एवढाच. कागदावर मात्र एका मंडळाला शून्य आणि दुसऱ्याला शंभर. पहिल्या मंडळातल्या ज्या गावात खरोखर ८० मिलिमीटर कोसळला, तिथला शेतकरी तहसीलच्या पायऱ्या झिजवतो आणि त्याला सांगितले जाते, ‘तुमच्या मंडळात अतिवृष्टीची नोंदच नाही.’ नोंद खोटी नसते. ती फक्त ताटलीपुरती खरी असते.

माझे म्हणणे एवढ्यावरच उभे आहे. मोजमापात शंका असतेच, आणि ती कोणाच्या तरी पदरात पडणारच. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला द्यायचा, हे आपण उघडपणे ठरवले आहे. त्यावर वाद घालता येतो, वकील तो घालतातही. सरकारी संगणकात हाच फायदा कोणाला द्यायचा हे कोणीच ठरवलेले नसते. ६२ हा ६५ पेक्षा लहान, एवढी एक तुलना होते आणि सगळी शंका गुपचूप एका बाजूला ढकलली जाते. ती तुलना लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरला तो निवाडा देतोय याची कल्पनाही नसते. कंत्राटात ‘६५ पेक्षा जास्त’ असे लिहिलेले होते, त्याने तसे लिहिले. म्हणून एकच आकडा धरून चालणे म्हणजे तटस्थपणा नव्हे. तोही एक पक्ष घेणेच आहे, फक्त कुणाच्या सहीशिवाय.

२०१४ च्या त्या संशोधकांनी हीच गोम पकडली होती. जीपीएसच्या दोन नोंदींवरून पायी चालणाऱ्याचा वेग काढला, तर मध्येच तो ताशी ५९ मैल, म्हणजे जवळपास ९५ किलोमीटर निघाला! जीपीएसची प्रत्येक नोंद काही मीटर इकडे-तिकडे असते आणि दोन नोंदींची वजाबाकी करून सेकंदाने भागले की चूक फुगून वर येते. त्यांनी सुचवलेला तोडगा मला फार महत्त्वाचा वाटतो. संख्या अनिश्चित असेल, तर ‘वेग ताशी ४ मैलांपेक्षा जास्त आहे का’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येऊच शकत नाही, ‘किती शक्यतेने’ एवढेच येते. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला थांबून सांगावे लागते की मला किती खात्री पुरेशी आहे. निम्म्याहून जास्त? की शंभरात ९५? ती खात्री हातातल्या कामाप्रमाणे बदलते. मोबाईलने ‘शाब्बास, आज छान चाललात’ म्हणायला निम्मी खात्री भागते. वेगाच्या दंडाची पावती फाडायला ती पुरत नाही.

पावसालाही हेच लावा. पंचनाम्याला माणूस पाठवणे हे तुलनेने स्वस्त काम आहे. तिथे शंभरात ३० शक्यता पुरेशी धरावी. माणूस गेला, नुकसान दिसले नाही, तर परत येईल. उलट एखाद्याचा दावा फेटाळायचा किंवा दिलेली मदत वसूल करायची, तर ९५ ची खात्री हवी. ३० की ४०, यावर भांडण होईल. व्हावेच. ते भांडण विधानसभेत व्हावे, जिल्हा नियोजन समितीत व्हावे आणि शेवटी शासन निर्णयात आकड्यानिशी उतरावे. आज ते कुठेच होत नाही, कारण भांडण्याजोगे काही उरलेले आहे हेच रकान्यातला एकटा आकडा कळू देत नाही. पैसेवारीच्या, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आले या सरकारी अंदाजाच्या, ५० च्या रेघेचेही तेच. कोणी ती ४९ काढतो, कोणी ५१, आणि त्या दोन पैशांच्या फटीत सगळे राजकारण शिरते. फट मान्य करून तिचा नियम केला असता, तर त्यात शिरायला एवढी जागा उरली नसती.

सरासरीचा घोळ याहून गहिरा आहे. नियोजनाच्या बैठकीत ‘सरासरी आवक इतकी’ असे धरून पुढचे सगळे मांडले जाते. एक अगदी कच्चे उदाहरण घ्या. पिण्याला, शेतीला, कारखान्यांना मिळून ४० टीएमसी हवे आहेत. एका वर्षी धरणात २० येतात, दुसऱ्या वर्षी ६०. सरासरी ४०. कागदावर तूट शून्य. पण ज्या वर्षी २० आले त्या वर्षी २० ची तूट आहे, आणि ज्या वर्षी ६० आले त्या वर्षीचे जास्तीचे पाणी साठवायला जागा नसेल तर ते पंढरपूरच्या वाळवंटावरून कर्नाटकात निघून गेले. तुटीची सरासरी शून्य नाही, १० आहे. सरासरीने आधी आवक काढून मग तूट काढली, तर ती दिसत नाही. शक्यतांच्या गाठोड्यासकट हिशेब केला तर ती समोर येते. पावसाच्या बेभरवशावर जगणाऱ्या जिल्ह्यात उसाचे क्षेत्र वाढत गेले त्याला कारणे पुष्कळ आहेत, पण ‘सरासरीत बसते’ हा दिलासा त्यात नाही असे मला कोणी छातीठोकपणे सांगू नये.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, कारण या रस्त्यावर शहाणेसुरतेही घसरतात. उजनीत येणारे पाणी वरच्या एकोणीस धरणांच्या भरवशावर असते. म्हणून तर जुलै-ऑगस्टमध्ये आपण पुण्याच्या पावसाकडे आणि दौंडच्या विसर्गाकडे डोळे लावून बसतो. समजा, प्रत्येक धरणाच्या आवकेच्या अंदाजात २० टक्के इकडे-तिकडे आहे आणि धरणे सारख्या आकाराची आहेत. प्रत्येकाची चूक स्वतंत्र धरली, तर एकोणीस चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात आणि बेरजेतली अनिश्चितता साडेचार टक्क्यांवर येते. किती छान! पण खडकवासल्याला पाऊस दडी मारतो त्या वर्षी पवना आणि मुळशी भरभरून वाहत नाहीत. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस रुसला तर सगळ्यांवर रुसतो. चुका पूर्णपणे हातात हात घालून चालल्या, तर अनिश्चितता २० टक्केच राहते. खरे उत्तर मध्ये कुठेतरी, बहुधा २० च्या बाजूला. म्हणजे वितरणांचे अंकगणित आले म्हणून डोके बाजूला ठेवता येत नाही. कोण कोणाशी बांधलेले आहे हे यंत्राला सांगावे लागते, नाहीतर ते साडेचार टक्क्यांची खोटी खात्री तितक्याच ऐटीत हातावर ठेवते. मूर यांच्या अंतरालांच्या गणिताची अडचण याच्या उलटी आहे. एक ते तीनमधल्या कुठल्याही संख्येतून तीच संख्या वजा केली तर शून्य यायला हवे. पण दोन्हीकडे एकच संख्या आहे हे त्या गणिताला कळत नाही आणि ते उणे दोन ते अधिक दोन असे उत्तर देते. एक पद्धत फाजील आत्मविश्वासाची, दुसरी फाजील भित्री.

तशीच वितरणाच्या आकाराची गोष्ट. वर मी घंटेचा आकार धरला तो हिशेब सोपा व्हावा म्हणून. सोलापूरचा रोजचा पाऊस तसा नसतो. बहुतेक दिवस कोरडे ठाक, आणि मग एखादा दिवस महिन्याभराचे माप एका रात्रीत ओतून जातो. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला आलेला पूर ज्यांनी पाहिला त्यांना लांब शेपटी म्हणजे काय ते वेगळे शिकवायला नको. अशा पावसाला सोयीची घंटा बांधणाऱ्या तज्ज्ञापेक्षा ‘अंदाजे’ म्हणणारा तलाठी बरा.

आता आक्षेप. ‘लोकांना हे कळणार नाही’ हा नेहमीचा. तो करणाऱ्यांनी एकदा सोलापूरच्या मार्केट यार्डात यावे. कांद्याचा भाव इथे कोणी एका आकड्यात विचारत नाही. बाजार समितीच्या तक्त्यात रोज आवक असते आणि तिच्यापुढे तीन रकाने: किमान, कमाल, सर्वसाधारण. हंगामात किमान शंभर रुपये क्विंटल आणि कमाल तीन हजारांच्या पुढे, असे अंतर इथे नवलाचे नाही. आपला माल ओला, की वाळलेला, की डबल पत्तीचा, हे बघून शेतकरी त्या तीन आकड्यांत आपली जागा शोधतो आणि गाडी भरायची की थांबायचे ते ठरवतो. नुसता ‘सर्वसाधारण’ छापला, तर तोच आधी म्हणेल, ‘साहेब, बाकीचे दोन कुठे गेले?’ कळत नाही ते लोकांना नव्हे. देणाऱ्यालाच द्यायचे नसते.

शास्त्रज्ञ देतात, तर आपण कापून टाकतो, हेही तितकेच खरे. हवामान खात्याने २०२४ च्या एप्रिलमध्ये मान्सून सरासरीच्या १०६ टक्के सांगितला, सोबत पाच टक्के कमी-जास्त असेही म्हटले. लोकांपर्यंत १०६ पोचले, पाच वाटेत गळले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सोलापूर परिसरात २०१८ आणि २०१९ मध्ये ढगांत बीजरोपण (पाऊस वाढावा म्हणून ढगांत कण फवारणे) करून पाहिले. पेरलेल्या ठिकाणापासून वाऱ्याच्या दिशेने शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत पावसात सरासरी १८ टक्के वाढ, त्यात २.६ टक्के अधिक-उणे. काही ठिकाणी ४६ टक्के, तिथे १३ टक्के अधिक-उणे. चर्चेत उरले ते १८ आणि ४६. प्रयोग करणाऱ्यांनी ‘अधिक-उणे’ लिहायला जीव ओतला आणि आपण तोच भाग टाकून दिला.

मला खरी धास्ती आहे ती दुसऱ्याच आक्षेपाची, आणि तो आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूने आहे. आज नियमाला निदान धार आहे: ६५ ओलांडले की अतिवृष्टीची नोंद करावीच लागते. उद्या शक्यतेची भाषा आली की पीक विमा कंपनी म्हणेल, ‘तुमचे नुकसान ९५ टक्के खात्रीने सिद्ध होत नाही.’ शंका हे बळकटाच्या हातातले जुने हत्यार आहे. तंबाखूवाल्या कंपन्यांनी ते अनेक दशके वापरले. ही भीती पोकळ नाही. पण तिचे उत्तर शंका लपवण्यात नाही, कारण लपवलेली शंका आजही त्यांच्याच कामी येते. खात्रीची पातळी कंपनीने किंवा सॉफ्टवेअरच्या कंत्राटदाराने ठरवायची नाही, ती पीक विमा योजनेच्या अधिसूचनेत हंगामाआधी छापायची. आणि मोजमाप जितके विरळ तितका संशयाचा फायदा ज्याचे पीक गेले त्याला, असे तिथेच लिहायचे. मग एक मजेशीर गोष्ट होईल. पर्जन्यमापके वाढावीत असे आजवर फक्त शेतकऱ्याला वाटत होते. विरळ मोजमापाचा भुर्दंड आपल्यावर बसतो म्हटल्यावर कंपनीलाही ती वाढवाविशी वाटतील. पीक कापणी प्रयोगांचे (नमुन्याच्या तुकड्यावरचे पीक कापून उत्पादन मोजण्याचे) मोजके प्लॉट घेऊन भागवण्यात मग कोणाचाच फायदा उरणार नाही.

हे सगळे एका रात्रीत करा असे कोणी म्हणत नाही. महसूल खात्याच्या पावसाच्या रोजच्या तक्त्यात मंडळाच्या आकड्याशेजारी आणखी दोन रकाने घालायला कायदा बदलावा लागत नाही: या मंडळातल्या गावांत पाऊस बहुधा किती ते किती, आणि ६५ ओलांडला असण्याची शक्यता किती. शेजारच्या मंडळांची मापके, रडार आणि उपग्रहाच्या नोंदी आहेतच. पहिली दोन वर्षे या रकान्यांवर मदत अवलंबून ठेवू नये. नुसते छापावेत, आणि पंचनाम्यात प्रत्यक्ष नुकसान सापडलेली गावे त्यांच्याशी ताडून बघावीत. शंभरात ३० म्हटलेल्या गावांपैकी खरोखर शंभरात तीसच्या आसपास गावांत तेवढा पाऊस झाला होता का, हे तपासता येते. झाला नसेल तर ज्याने रकाना भरला त्याला जाब विचारता येतो. आज ६२ लिहिणाऱ्याला काय विचारणार? त्याच्या ताटलीत ६२ च पडले होते.